सासूबाईंची बादली

आमच्या सासूबाई कुणालाही माफ करत नाहीत. बावीस वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या बाईने जिन्यात त्यांना एक टोमणा मारला होता. तो त्यांना वारासकट पाठ आहे. अजूनही ती बाई समोरून आली की सासूबाई कठड्याची बाजू सोडत नाहीत आणि तिला भिंतीला अंग घासत जावं लागतं. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा म्हणायचे, "आई, सोडून द्या ना आता." त्या म्हणायच्या, "मी काय धरलंय? कठडा तेवढा धरलाय."

मला वाटायचं, वयाचा हट्ट आहे. मी घरी शिवणकाम करते. उसवलं की शिवायचं, एवढंच मला कळतं. पण गेल्या वर्षी त्यांच्या बाबतीत जे झालं त्यानंतर मी त्यांना सोडून द्या म्हणणं सोडलं. उलट त्यांच्यापेक्षा मीच जास्त धरून बसले.

सासूबाई सतरा वर्षं दातांच्या एका दवाखान्यात कामाला होत्या. सकाळी साडेआठला कुलूप उघडायचं, फरशी पुसायची, हत्यारं वाफेच्या यंत्रात लावायची, खुर्चीशेजारचं थुंकायचं भांडं दर पेशंटनंतर धुवायचं. सगळे त्यांना मावशी म्हणत. बाहेरच्या बसायच्या खोलीत माशांची चार फुटी काचेची टाकी होती. ती मोठ्या डॉक्टरांनी आणलेली. त्यांचं म्हणणं असं की आतल्या यंत्राचा आवाज ऐकून निम्मे लोक दारातूनच परत फिरतात, मासे बघत बसले तर टिकतील. टाकी डॉक्टरांची, पण खाणं, पाणी, काच पुसणं, सगळं सासूबाईंकडे. अकरा गोल्डफिश होते आणि त्यांना नावंही सासूबाईंनीच ठेवली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर फेऱ्या मारणारा पोस्टमन. सगळ्यांच्या आधी पोचून खाणारी जाडी. कुणी काचेजवळ आलं की तोंड फिरवणारी मोठी जाऊ. हे नाव कुणावरून ठेवलं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे विस्तार करत नाही.

आणि काणा. काणा चौदा वर्षांचा होता, एका डोळ्याने पूर्ण आंधळा. वर टाकलेलं खाणं त्याला दिसेपर्यंत बाकीचे फस्त करायचे. म्हणून सासूबाई त्याला वेगळं भरवायच्या. पाण्यात बोट बुडवायचं, काण्याने येऊन बोटाला तोंड लावायचं, मग एकेक दाणा सोडायचा. स्वतःच्या मुलाला त्यांनी इतक्या निवांतपणे कधी भरवलं नसेल. हे मी नाही, आमचे हेच म्हणतात.

पहिल्या वर्षी सासूबाईंनी एक चूक केली होती. ती त्या स्वतःलाही माफ करत नाहीत, म्हणजे निदान भेदभाव नाही. टाकीच्या फिल्टरमध्ये एक जाड स्पंज असतो. तो तपकिरी, बुळबुळीत झालेला पाहून त्यांनी नळाखाली धरून पांढराशुभ्र धुतला. चौथ्या दिवशी तीन मासे उलटे तरंगत होते. मोठे डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी त्यांना शेजारी बसवून समजावलं की ती घाण नसते, ती वस्ती असते. डोळ्यांना न दिसणारे जीव त्या स्पंजात राहतात आणि माशांच्या अंगातून पाण्यात जे विष उतरतं ते खाऊन टाकतात. नळाच्या पाण्यात औषध असतं. त्याने वस्ती मरते, आणि मग मासे स्वतःच्याच विषाने मरतात.

त्या दिवसापासून स्पंज फक्त टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा दाबायचा, बस. आणि दुसरा एक तसाच मुरलेला स्पंज झाकणाच्या बादलीत, टाकीच्याच पाण्यात, हवेचा छोटा पंप लावून कायम तयार ठेवायचा. कधी टाकी बदलायची वेळ आली तर नव्या टाकीला वस्ती कुठून आणणार? ती बादली मागच्या धुण्याच्या खोलीत सोळा वर्षं गुडगुडत होती.

मोठे डॉक्टर थकले आणि एक दिवस गेले. दवाखाना त्यांच्या सुनेकडे आला, तीही दातांचीच डॉक्टर. मी स्वतः सून आहे, त्यामुळे सुनांविषयी सहसा वाईट बोलत नाही. पण ही कानामागून आली आणि तिखट झाली. हिला पांढऱ्याचं वेड. पडदे पांढरे, खुर्च्या पांढऱ्या, फुलदाणीतली फुलंही पांढरी आणि कागदाची. पेशंट बूट काढून आत आला तर ती त्याच्या मोज्यांकडे बघायची.

एका दुपारी ती धुण्याच्या खोलीत गेली, बादलीचं झाकण उघडलं आणि तो स्पंज दोन बोटांच्या चिमटीत धरून सरळ बाहेरच्या खोलीत आली. सात पेशंट बसले होते. स्पंजातून तपकिरी पाणी फरशीवर टपटपत होतं.

"मावशी, ही घाण माझ्या दवाखान्यात? घाणेरड्या आहात तुम्ही. आणि सतरा वर्षांत तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही!"

सासूबाई समजवायला गेल्या. तिने हात वर केला. "उद्यापासून येऊ नका."

तोंडात कापसाचे बोळे कोंबलेले एक आजोबा खुर्चीतून उठले आणि सासूबाईंच्या बाजूने तावातावाने काहीतरी बोलले, पण एक अक्षर कुणाला कळलं नाही. सासूबाईंनी तिच्या हातून स्पंज घेतला. फरशी पुसली, कारण ओलीवरून कुणी घसरलं असतं. मग बादली उचलली आणि चालत घरी आल्या.

त्या रडल्या नाहीत. बादली आमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवली, पंप सुरू केला आणि मला म्हणाल्या, "तो शब्द तिच्या तोंडातून ज्या खोलीत बाहेर पडला, त्याच खोलीत, माणसं बसलेली असताना, तिच्याच तोंडाने परत गेला पाहिजे. मी मागणार नाही. मागून मिळालेल्याची काय किंमत? तिने आपणहून म्हणायला हवं."

"आई, ती कशाला म्हणेल आपणहून?"

"बघू," म्हणाल्या, आणि माशांच्या खाण्याची एक चिमूट बादलीत टाकली. बादलीत मासा नव्हता. ते खाणं कुजतं आणि त्यावर वस्ती जगते, हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला.

पाच महिने हे चाललं. रोज सकाळी बादलीला चिमूटभर जेवण. आंघोळीला गेलं की पायाशी गुडगुड. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, "आई, माशांशिवाय मासे पाळतेस होय?"

"डूख पाळतेय," त्या म्हणाल्या. ह्यांनी परत विचारलं नाही.

दवाखान्यातल्या बातम्या रिसेप्शनवाली मुलगी फोनवर द्यायची. तिचा सासूबाईंवर जीव होता. नव्या मॅडमचा हुकूम निघाला होता की दर शनिवारी टाकीचं सगळं पाणी उपसायचं, खडे आणि स्पंज जंतुनाशकाने चोळून नळाखाली पांढरे होईपर्यंत धुवायचे. टाकी म्हणे आरशासारखी चमकायची. दहाव्या दिवशी जाडी गेली. मग ठिपकी. मग आणखी दोन. प्रत्येक फोननंतर सासूबाई त्या माशाचं नाव एकदा मोठ्याने घ्यायच्या आणि कामाला लागायच्या. त्या दिवशी भाजीत मीठ दुप्पट पडायचं. कुणी काही बोलायचं नाही.

मी मात्र बोलायचे. मशीनवर बसून मी त्या बाईला एवढे शाप दिले की सुई तीनदा तुटली. तिच्या पांढऱ्या पडद्यांवर मी मनातल्या मनात किती बाटल्या शाई ओतली त्याला गणती नाही. तिचे सगळे दात एका रात्रीत पडावेत आणि गावात दुसरा दातांचा डॉक्टर नसावा, इथपर्यंत माझी मजल गेली होती.

मग टाकी फुटली.

दवाखान्यात रंगकाम चाललं होतं. येत्या रविवारी नव्या सजावटीचा समारंभ ठेवला होता. मागच्या भिंतीला रंग द्यायचा म्हणून टाकीचं स्टँड वीतभर पुढे घ्यायचं ठरलं आणि चौघांनी मिळून भरल्या टाकीसकट ते ढकललं. भरलेली टाकी हलवायची नसते, हे आमच्या घरात आता भिंतींनाही ठाऊक आहे. तिथे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. खालच्या कोपऱ्यातला जोड उकलला आणि पाणी सुटलं. मॅडम बाहेर होत्या. रिसेप्शनवालीने सासूबाईंना फोन लावला तेव्हा ती रडत होती.

"रड नंतर," सासूबाई म्हणाल्या. "टाकीखाली सापडेल ते भांडं लाव. पडतंय ते पाणी सांडू नकोस, मला तेच पाणी पाहिजे. आणि नळाचं पाणी आत ओतलंस तर माझ्याशी गाठ आहे."

दुपारचे अडीच वाजले होते. झाकणाच्या तीन बादल्या, प्लास्टिकचं रुंद वाडगं आणि दोन जुने टॉवेल घेऊन आम्ही दोघी रिक्षाने निघालो. पाच महिन्यांनी त्या त्या दारातून आत गेल्या. उंबऱ्यावर क्षणभर थांबतील असं मला वाटलं होतं. थांबल्या नाहीत.

टाकीत चार बोटं पाणी राहिलं होतं आणि मासे कुशीवर पडून तडफडत होते. पोरीने कचऱ्याच्या डब्यांपासून फायलींच्या खोक्यापर्यंत सगळ्यांत पाणी धरून ठेवलं होतं, शहाणी आहे. पण एका रंगाऱ्याने दया येऊन एक मासा उचलून नळाच्या ताज्या पाण्याने भरलेल्या बेसिनमध्ये सोडला होता. ती मोठी जाऊ होती. ती गेली. सासूबाईंनी तिला टॉवेलच्या कोपऱ्यात गुंडाळलं. "कशी का असेना, आपली होती," म्हणाल्या.

मग त्यांचे हात चालायला लागले. बादल्या निम्म्याच भरायच्या, वर हवा राहिली पाहिजे. जाळी नको, जाळीने पंख फाटतात. वाडगं पाण्यात तिरकं बुडवायचं, माशाला आपणहून आत येऊ द्यायचं, आणि पाण्यासकट उचलायचं. एका बादलीत दोनच मासे. वरून टॉवेल, अंधार असला की ते घाबरत नाहीत. काणा सगळ्यात शेवटी निघाला. त्यांनी वाडगं त्याच्या दिसत्या डोळ्याच्या बाजूने नेलं, नाहीतर तो बिचकला असता. सहा मासे जिवंत निघाले. रिक्षावाल्याला त्यांनी सांगितलं, "खड्डे चुकव, आत पेशंट आहेत." त्याने खरंच चुकवले.

घरी आमचा कपडे भिजवायचा मोठा टब त्यांनी आधी नुसत्या पाण्याने सात वेळा धुतला, त्यात वाचवलेलं जुनं पाणी ओतलं, आणि बादलीतला स्पंज पंपासकट टबात ठेवला. मासे तळाशी बसून राहिले. पाच वाजता सासूबाईंनी पाण्यात बोट बुडवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग काणा वाकडातिकडा वर आला आणि बोटाला तोंड लावलं. तेव्हा त्या रडल्या. पाच महिन्यांचं एकदम रडल्या.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मॅडम स्वतः आमच्याकडे आल्या. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. पण ही पाय धरायला वाकली नाही. मी खुर्ची पुसली नाही, तशीच पुढे केली, त्यावर दोरे होते. ती बसलीही नाही. बाथरूमच्या दारात नाकाला रुमाल लावून उभी राहिली आणि मासे मोजले.

"बरं झालं तुम्ही आलात काल. तुम्हाला अनुभव आहे," ती म्हणाली. "नवीन टाकी आली आहे. पाच फुटी. सगळं नवं, खडे पांढरे, फिल्टर नवा. रविवारी अकराला पाहुणे येणार, माझे सर येणार. मासे आजच आणून सोडा, म्हणजे तोवर रुळतील."

"मॅडम, कोऱ्या टाकीत मासे लगेच सोडता येत नाहीत."

"ते तुम्ही बघा. मला रविवारी अकराला टाकीत मासे पाहिजेत." आणि निघाली. त्या शब्दाबद्दल शब्द नाही. मेलेल्या पाचांबद्दल तर नाहीच.

दार लागल्याबरोबर मी म्हटलं, "आई, ती सांगतेय तसंच करा. आज नेऊन सोडा त्या कोऱ्या टाकीत. रविवारपर्यंत लागतील मरायला. सरांसमोर उलटे तरंगू देत सगळे! आपण काय म्हणायचं? मॅडमनी सांगितलं, आम्ही केलं."

मी हे गमतीने म्हणत नव्हते. त्या क्षणी मला ते सहा मासे मेलेलेच हवे होते, त्या बाईच्या पांढऱ्या खड्यांवर. आता लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

सासूबाई टबाशेजारी पाटावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझं तोंड दिसलं. "मारायचं तिला, आणि मरायचं काण्याने?" त्या म्हणाल्या. "मग ती बादली कशाला जपली मी?"

त्या पंपाच्या बुडबुड्यांकडे बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पाहुणे अकराला येणार म्हणाली ना?"

"हो."

आणि त्या हसल्या. मी त्यांना हसताना बघितलं त्याला पाच महिने होऊन गेले होते. मला बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

त्यांनी दवाखान्यात फोन करून निरोप दिला की टाकी नुसत्या पाण्याने धुवा, भरा, आणि हवा सुरू करून दोन दिवस हात लावू नका. नळाच्या पाण्यातलं औषध त्याने उडून जातं. बाकीचं मी रविवारी बघते. आता खरी गोष्ट अशी आहे की स्पंज शनिवारी सकाळी नेऊन लावला असता आणि मासे सोडले असते, तर रविवारपर्यंत पाणी निवळून काचेसारखं झालं असतं. हे मला माहीत होतं. त्यांना तर होतंच. शनिवारी सकाळी सासूबाईंनी घरातल्या जाड रजया धुवायला काढल्या आणि एकटीने, बिनमदतीने, पिळून दोरीवर टाकल्या.

रविवारी आम्ही माशांच्या बादल्या आणि स्पंजाची बादली घेऊन साडेदहाला पोचलो. खोली नुसती पांढरी झाली होती, डोळे दिपत होते. टाकी मधोमध, पाणी इतकं स्वच्छ की आहे की नाही कळेना. मॅडमचा पोशाख पांढरा, वर इस्त्रीचा पांढरा कोट. "किती उशीर!" ती म्हणाली. "सोडा पटकन."

सासूबाईंनी स्पंजाची बादली खाली ठेवली आणि झाकण काढलं. आत तपकिरी स्पंज. तोच.

"मॅडम, हा आधी टाकीत पिळावा लागेल. मग फिल्टरमध्ये बसवायचा. मग मासे."

"इथे? आत्ता? पाणी घाण होईल!"

"होईल. दोन-तीन तासांत निवळेल. नाही पिळला तर मासे चार दिवसांत जातील. तुम्हीच ठरवा. मासे तुमचे आहेत."

मॅडमने घड्याळ बघितलं. "पिळा," ती म्हणाली.

सासूबाईंनी उजवा हात वर करून बोटं हळूच हलवली. "माझ्या बोटांत आता जोर राहिला नाही हो. सांधे गेले." माझ्या डोळ्यांसमोर दोरीवरच्या रजया आल्या. मी खाली बघितलं.

"मी पिळते ना," रिसेप्शनवाली पुढे झाली.

"तुझ्या हाताला क्रीम असतं, नखांना रंग. माशांना सोसत नाही. हिच्या हाताला मशीनचं तेल." हिच्या म्हणजे माझ्या. "डॉक्टरांचे हात स्वच्छ. मी सतरा वर्षं बघतेय. हातमोजेही नकोत मॅडम, त्यांना पावडर असते."

मॅडमने बाह्या वर केल्या. दोन बोटांच्या चिमटीत स्पंज उचलला, अगदी त्या दिवशीसारखा. "चिमटीने नाही होत," सासूबाई म्हणाल्या. "मुठीत धरा. दाबा. अजून. खालून धरा, आत बरंच आहे." तपकिरी लोळ पाण्यात पसरत गेला, पांढऱ्या खड्यांवर बसला, तिच्या बोटांमधून, अंगठीच्या खड्याखालून, मनगटावरून कोटाच्या बाहीपर्यंत गेला. पाचव्यांदा दाबताना दार उघडलं आणि पाहुणे आत आले.

पंधरा-वीस माणसं होती. पुढे पांढऱ्या केसांचे तिचे सर. मागे बोलावलेले काही जुने पेशंट. सगळ्यांचं लक्ष आधी टाकीकडेच गेलं, कारण खोलीत पांढरं नसलेलं तेवढंच होतं. सर जवळ आले, चष्मा वर केला.

"हे काय? एवढी घाण?"

मॅडमने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई पंख्याकडे बघत होत्या. कोपरापर्यंत तपकिरी हात घेऊन ती उभी होती, आणि काहीतरी म्हणणं भाग होतं.

"नाही सर," ती म्हणाली. "ही घाण नाहीये."

सासूबाईंची नजर पंख्यावरून खाली आली. "मॅडम," त्या अगदी नम्रपणे म्हणाल्या, "मागच्यांना ऐकू आलं नसेल."

"ही घाण नाहीये," मॅडम मोठ्याने म्हणाली, आणि मग थांबता येईना म्हणून बोलत गेली. "हे उपयोगी जंतू असतात. पाण्यातलं विष तेच नाहीसं करतात. हे नसतील तर नव्या टाकीत मासे जगत नाहीत. हे तयार व्हायला आठवडे लागतात. मावशींनी... मावशींनी पाच महिने घरी जपले होते." म्हणजे तिला सगळं माहीत होतं! कॉलेजात शिकलेली होती. पुस्तकात ओळखत होती, फक्त बादलीत ओळखलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एक आजोबा पुढे घुसले. तोंडात आता कापूस नव्हता, नवी कोरी कवळी होती. "अहो, मी त्या दिवशी हेच सांगत होतो!" ते ओरडले. "आमच्या घरी टाकी आहे, मला माहितीये! ही घाण नव्हे म्हणून मी बोंबलतोय, आणि तुम्ही या बाईंना घाणेरडी म्हणून सगळ्यांसमोर घालवून दिलंत!"

सर मॅडमकडे बघायला लागले. पाहुणे सासूबाईंकडे. मॅडमच्या चेहऱ्याचा रंग पडद्यांना जुळला. मी शिवणकाम करणारी बाई, मला भाषणं येत नाहीत, पण तो चेहरा मी कुठेही विकत घेतला असता.

सासूबाई कामाला लागल्या होत्या. स्पंज फिल्टरमध्ये बसवला. माशांच्या बादल्यांत नव्या टाकीचं पाणी एकेक मग घालून, थांबून, पुन्हा एक मग, असं करत त्यांनी अर्धा तास घेतला. पाहुणे चहाचे कप हातात धरून मुकाट्याने बघत उभे होते. मग वाडगं तिरकं करून एकेकाला सोडलं. पोस्टमन त्या गढूळ पाण्यात नाहीसा झाला आणि दुसऱ्या टोकाला दिसला. लगेच परत फिरला. फेऱ्या सुरू.

मॅडमने हळू आवाजात मोजलं. "पाचच? सहा होते ना?"

"काणा गेला," सासूबाई म्हणाल्या.

"कशाने?"

"स्वच्छतेने."

मॅडमने मान खाली घातली. पाणी निवळायला लागलं होतं. निघताना ती दारापर्यंत आली. हात तीनदा धुतले होते तरी ती ते अंगापासून लांब धरून उभी होती. तो वास दोन दिवस जात नाही. "मावशी," ती म्हणाली, "उद्यापासून या."

"नको मॅडम," सासूबाई म्हणाल्या. "पण घाण लागली तर सांगा. घरी भरपूर आहे."

घरी आल्यावर मी आधी बाथरूममध्ये गेले. टबात काणा होता. अर्धा स्पंज सासूबाईंनी शनिवारीच कात्रीने कापून त्याच्यासाठी ठेवला होता, माझ्या कपड्यांच्या कात्रीने. "तिथे त्याला बोटाने कोण भरवणार?" एवढंच त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. आणि ती चोरी होती, तेही खरंच होतं. मी कात्री धुवून ठेवली. आमच्या ह्यांनी पुढे त्याच्यासाठी छोटी टाकी आणली, पण ती येईपर्यंत महिनाभर मी आंघोळीला गेले की त्याच्या आंधळ्या बाजूला उभी राहायचे.

त्या संध्याकाळी त्या पाटावर बसून त्याला भरवत होत्या. मी दारात उभी राहिले. मला वाटत होतं, आता घरात भाजीला मीठ बेताचं पडेल.

"आई, झालं ना आता? म्हटलं तिने, त्याच खोलीत, सगळ्यांसमोर. दोनदा म्हटलं."

"शब्दाचं झालं," त्या म्हणाल्या. काण्याने बोट सोडलं आणि खाली गेला. "पण पाच मारले तिने. एक मी घेतला."

त्यांनी हात पुसला, रिकाम्या बादलीत टबातलं पाणी ओतलं, स्पंजाचा एक तुकडा कापून त्यात टाकला, पंप लावला, आणि वरून माशांच्या खाण्याची एक चिमूट सोडली.

"चार राहिले," म्हणाल्या, आणि झाकण लावलं.